साडेचार कॅन

विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी आमच्या मंडळाची हिशेबाची बैठक असते. यंदा वर्गणीतून उरलेले आणि पुण्या-मुंबईच्या गावकऱ्यांनी पाठवलेले मिळून सात लाख रुपये शिल्लक निघाले. हे पैसे मंडप-रोषणाईत घालायचे नाहीत, आजारी माणसांसाठी खर्चायचे, इथवर सगळ्यांचं जमलं. पुढं दोन तट पडले. एका बाजूला तात्या, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचा धाकटा भाऊ किडन्या निकामी होऊन तीन वर्षांपूर्वी गेला. दुसऱ्या बाजूला सिस्टर. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची नऊ डायलिसिसच्या वॉर्डात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही.

मी मंडळाचा चिटणीस. दोघांचं बोलणं वहीत उतरवत होतो, ते जवळजवळ तसंच इथं देतो. दोघांपैकी कुणीही वाद जिंकायला बसलेलं नव्हतं, म्हणून ते द्यावंसं वाटतं.

तात्या : माझं म्हणणं सरळ आहे. तालुक्याच्या दवाखान्याला डायलिसिसचं मशीन द्यायचं. मंडळाचं नाव नाही घातलं तरी चालेल.

सिस्टर : मशीन नको, तात्या. त्याच पैशात गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाची लघवी, बीपी आणि साखर दरवर्षी तपासू. निदान पाच वर्षं.

तात्या : भावाला मी पहाटे सहाच्या गाडीत बसवायचो. आठवड्यातून तीनदा, दोन वर्षं. मिरजेला पोचायचं, नंबर लागायची वाट बघायची, चार तास मशीनवर, परत यायला दिवेलागण. डायलिसिस योजनेतून फुकट व्हायचं, ते मी नाकारत नाही. पण तिकीट, जेवण, सोबत जाणाऱ्या भावजयीची बुडालेली मजुरी, हे कुठल्या योजनेत बसतं? पहिल्या गाडीतला डायलिसिसचा पेशंट मला हातावरून ओळखू यायचा. मनगटाच्या वर शीर दोरखंडासारखी फुगलेली. भाऊ माझी बोटं धरून त्या शिरेवर ठेवायचा आणि म्हणायचा, दादा, बघ, मोटार चालू आहे.

सिस्टर : ती थरथर रोज सकाळी हात लावून बघायला मीच शिकवायची. धमनी आणि शीर शिवून जोडलेली असते, रक्त जोरानं धावतं म्हणून ते थरथरतं. थरथर थांबली की तो रस्ता बंद, मग मानेत नळी घालायची. म्हणूनच विचारते, भावाची ती मोटार आठवड्याला किती तास चालायची?

तात्या : तीन चोक बारा.

सिस्टर : आठवड्याचे तास 168. किडनी 168 तास चालते आणि मशीन 12. डेअरीतला दुधाचा कॅन 40 लिटरचा असतो ना? निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला 180 लिटर गाळतात. साडेचार कॅन.

तात्या : अंगात रक्तच मुळी पाच लिटर.

सिस्टर : तेच पुन्हा पुन्हा फिरतं. मिनिटाला लिटरभर रक्त किडनीत जातं. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येकाच्या टोकाला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंडा, त्यातून पाणी, मीठ, साखर, युरिया सगळं खाली उतरतं. आणि खरं काम तिथून पुढं सुरू होतं. त्या साडेचार कॅनांतलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतलं जातं. साखर जवळजवळ सगळी परत. मीठ हवं तेवढं परत. पोटॅशियम आणि आम्ल जास्त असेल तेवढं बाहेर. लोक किडनीला चाळणी म्हणतात. चाळणी निवडत नाही, किडनी निवडते.

(हा कॅन आम्ही रोज सकाळी डेअरीच्या ओट्यावर बघतो. दोन माणसं लागतात तो उचलायला. बैठकीत त्या क्षणी कुणी बोललं नाही.)

सिस्टर : शिवाय हाडांसाठी ड जीवनसत्त्व तयार करून देणं, रक्त वाढवण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला पाठवणं, बीपी सांभाळणं, हीही किडनीचीच कामं. मशीनला त्यातली पहिली दोन येतच नाहीत. भावाला रक्त वाढवायचं इंजेक्शन द्यायचे, ते त्यासाठी.

तात्या : आणि पाणी? दिवसाला एक लिटर, त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट सगळं आलं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा. भेटायला येणारा शहाळं घेऊन यायचा, आजाऱ्याला म्हणून प्रेमानं. ते लपवून ठेवायचं काम माझं.

सिस्टर : बरं केलंत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी ते बाहेर टाकत नसेल तर हृदय बंद पडू शकतं. आमच्या वॉर्डात लागोपाठ दोन दिवसांची सुट्टी पडली की मला झोप यायची नाही.

तात्या : मग तुम्हीच सांगा, जवळ मशीन नको का? गेल्या पावसाळ्यात वरच्या आळीतल्या पोराला घोणस चावली. लघवी बंद झाली. डायलिसिस मिळालं म्हणून वाचला, तीन आठवड्यांनी किडन्या पुन्हा चालू झाल्या. आता तालमीत जातो. तुमच्या लघवीच्या तपासणीनं तो वाचला असता का?

सिस्टर : नसता वाचला. तिथं मशीनच लागतं. घोणस, मोठा जुलाब, लेप्टो, बाळंतपणातला रक्तस्राव, यांत किडनी अचानक बंद पडते आणि वेळेवर सांभाळली तर बऱ्याचदा परत येते. त्यासाठी जिल्ह्याला मशीन हवीत, चांगली चालणारी हवीत. पण आपण एक मशीन नेऊन ठेवलं तर काय होईल, ते मी पाहिलंय. एका तालुक्याच्या गावी दानात मशीन आलं. हार घातला, फोटो निघाले. एका डायलिसिसला 120 लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेही आरओ प्लँटमधून शुद्ध केलेलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा ॲल्युमिनियम पोटात गेलं तर फार बिघडत नाही. मशीनमधून ते थेट रक्तात उतरतं. तिथं प्लँट नव्हता आणि टेक्निशियनही नव्हता. दीड वर्षानं मी गेले तेव्हा मशीनवर प्लास्टिकचं कव्हर तसंच होतं.

तात्या : म्हणजे गरिबानं मिरजेलाच जायचं. सिस्टर, मी अठरा वर्षांचा होतो तेव्हा जयप्रकाश नारायण, म्हणजे जेपी, तुरुंगातून सुटले, किडन्या गेलेल्या. नोव्हेंबर 1975 मध्ये त्यांना मुंबईत जसलोकला आणलं. त्यांच्या मशीनसाठी देशभर लोकांनी एकेक रुपया दिला. इंदिराबाईंनी पाठवलेले नव्वद हजार त्यांनी परत केले आणि लोकांचा रुपया घेतला. त्या मशीनवर ते जवळजवळ चार वर्षं जगले. त्याच काळात देशाचं सरकार बदललं. मशीनवरचा माणूस संपलेला नसतो, हे मी भावाला रोज सांगायचो. आणि तुम्ही म्हणता, मशीन नको.

सिस्टर : जेपींचं डायलिसिस कुणी केलं, ठाऊक आहे? डॉ. एम. के. मणी. जसलोकमध्ये तेव्हा किडनीचे डॉक्टर होते. पुढं ते चेन्नईला गेले. आयुष्यभर मशीन आणि किडनी बदलण्याचं काम केलेल्या या माणसानं नंतर काय सुरू केलं? चेन्नईजवळच्या खेड्यांत, पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीत, गावातल्याच शिकलेल्या मुली तयार केल्या. त्यांनी घरोघर जाऊन बीपी मोजायचं, लघवीत साखर आणि प्रथिनं आहेत का बघायचं. सापडेल त्याला स्वस्तातली स्वस्त, जुनी, खात्रीची औषधं सुरू करायची. आपल्या देशात सगळ्यांना डायलिसिस पुरवणं जमणार नाही, हे ज्यानं स्वतः मशीन चालवलं त्यानं ओळखलं. मी सांगते त्यात माझं नवं काही नाही.

इथं तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग ज्या प्रश्नासाठी बहुधा ते बैठकीला आले होते, तो त्यांनी विचारला.

तात्या : मला एवढंच सांगा, त्यालाच का झालं? माळकरी माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, मटण नाही. दिवसाला चार-पाच तांबे पाणी प्यायचा.

सिस्टर : किडनी म्हटलं की लोकांना दारू आणि कमी पाणी एवढंच आठवतं. 2012 मध्ये देशातल्या पन्नास हजारांहून जास्त किडनीच्या रुग्णांची नोंद छापून आली. शंभरातल्या एकतीस जणांना मधुमेहानं झालेलं, तेरा जणांना बीपीनं, चौदा जणांना त्या गाळण्यांच्या गुंड्यालाच सूज येऊन. आणि सोळा जणांचं कारणच सापडलं नाही. बाकीच्यांत मुतखडे, प्रोस्टेटची अडचण, घराण्यात चालत आलेल्या पाण्याच्या गाठी. भावाला साखर किती वर्षं होती?

तात्या : अकरा. गोळी चुकवली नाही कधी.

सिस्टर : साखर जास्त राहिली की गुंड्यावर दाब वाढतो. सुरुवातीची वर्षं किडनी उलट जास्त गाळते, सगळं छान वाटतं. मग गाळणीची वीण सैल होते आणि जे कधी खाली उतरू नये ते प्रथिन, अल्ब्युमिन, लघवीत उतरायला लागतं. हाच पहिला निरोप असतो, आणि तो दुखत नाही. किडनीत ताकद इतकी राखीव असते की एक किडनी दान केलेला माणूसही शेती करतो. म्हणून निम्मी गेली तरी अंगाला पत्ता लागत नाही. पायाला सूज, तोंडाला घाण चव, जेवण नको, खाज, दम, हे सगळं येईपर्यंत हातात थोडंच उरलेलं असतं. त्यात बीपी चढतं, चढलेलं बीपी उरलेल्या गाळण्या मारतं, आणि गाळण्या मेल्या की बीपी आणखी चढतं.

तात्या : त्याचं क्रिएटिनिन पहिल्यांदा बघितलं तेव्हा 6.8 होतं.

सिस्टर : त्या आधी दोन वर्षं तो माझ्याकडं आला होता, तात्या. आठवतंय का तुम्हाला? पायाला सूज होती. मी बीपी घेतलं, 170 होतं. डॉक्टरांनी गोळी लिहिली, मी दिली, मीठ कमी कर म्हणाले. लघवी बघितली नाही. त्या दिवशी टेबलावर लघवी तपासायच्या पट्ट्या नव्हत्या, गर्दी होती, हे सगळं खरं. पण पट्टीवाचूनही बघता येतं. परीक्षानळीत लघवी घ्यायची, वरचा भाग ज्योतीवर धरायचा, ॲसिटिक ॲसिडचे दोन थेंब. प्रथिन असेल तर नासलेल्या दुधासारखं पांढरं होतं. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं. मी ते केलं नाही. तुमच्या भावाला दोष देऊ नका, आणि नशिबालाही देऊ नका.

बैठकीत बाहेरच्या मोटारसायकलींचे आवाज तेवढे ऐकू येत होते. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तात्या : तेव्हा कळलं असतं तर वाचला असता?

सिस्टर : बरा झाला असता, असं मी म्हणणार नाही. गेलेला नेफ्रॉन परत येत नाही. पण लांबलं असतं, पाच वर्षं, कदाचित दहा. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्याच गोळ्या गुंड्यातला दाब उतरवतात, लघवीतलं अल्ब्युमिन कमी करतात. जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. डापाग्लिफ्लोझिन म्हणून साखरेची गोळी आहे, ती किडनी खराब होण्याचा वेग कमी करते हे सिद्ध झालंय. तिचं पेटंट 2020 मध्ये संपलं आणि किंमत खूप उतरली. डॉक्टरांनी मोजून-मापून द्यायच्या असतात, पोटॅशियम बघत. पण त्या सुरू करायच्या तर आधी माणूस सापडायला हवा.

तात्या : कारण सापडलं नाही असे सोळा जण म्हणालात. ते कोण?

सिस्टर : असे कारण न सापडणारे पुष्कळदा उन्हात राबणारे असतात. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यात उद्दानम म्हणून पट्टा आहे, नारळ-काजूचा. श्रीलंकेत अनुराधापूरकडची भातशेती. तिकडं निकाराग्वा, एल साल्वाडोरमधले ऊसतोड मजूर. तरुण माणसं, साखर नाही, बीपी नाही, आणि किडन्या निकामी. कुणी पाणी म्हणतं, कुणी कीटकनाशक, उन्हाचा तडाखा आणि अंगातलं पाणी रोज आटणं हे बहुतेकांच्या यादीत आहे. मध्य अमेरिकेत म्हणून उसाच्या फडात पाणी, सावली आणि ठरावीक विसावा देण्याची पद्धत आणली. आता आपल्याकडं बघा. दिवाळी झाली की बीडच्या टोळ्या येतात, मार्चच्या उन्हातही कोयता चालू असतो. अंग दुखतं म्हणून दुकानातून गोळ्या घेतात, कामाला जाताना एक, रात्री एक. तात्या, तुमच्या सदऱ्याच्या खिशात काय आहे?

तात्या : गुडघ्याची गोळी आहे. रोज नाही घेत.

सिस्टर : दाखवा. डायक्लोफिनॅक. मला ती पाकिटाच्या रंगावरून कळली. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी स्वतःकडं येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायची धडपड करते. ही गोळी नेमकी ती धडपड बंद पाडते. तरण्याताठ्या माणसानं दातदुखीला दोन दिवस घेतली तर बहुधा निभावतं. वय झालेलं, बीपीची गोळी चालू, वर जुलाब किंवा ऊन, आणि त्यात ही, तर एका आठवड्यात किडनी बसू शकते. झाडपाल्यानं नुकसान नाही हाही समज सोडा. 1990 च्या सुमाराला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायच्या औषधात चुकीची चिनी वनस्पती आली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या गेल्या.

तात्या : भाऊसुद्धा शेवटी एका वैदूकडं जायचा. क्रिएटिनिन उतरवतो म्हणाला.

सिस्टर : मला माहीत आहे. हताश माणूस जाणारच. त्याच्या बायकोची किडनी द्यायची होती ना?

तात्या : ती तयार होती. तिलाच बीपी निघालं. पुण्याच्या यादीत नाव घातलं, नंबर येईपर्यंत तो राहिला नाही.

(सिस्टर नंतर मला म्हणाल्या की किडनी द्यायला पुढं येणाऱ्यांत आई आणि बायकोच जास्त दिसतात, आणि तपासणीला मात्र घरातली बाई सगळ्यांत शेवटी येते. तपासणीच्या यादीत बायकांची नावं आधी लिहा, असं त्यांनी बजावलं.)

तात्या : रिपोर्टवर नॉर्मल लिहून आलं की माणूस निर्धास्त होतो. तुमच्या तपासणीत तसंच झालं तर?

सिस्टर : म्हणून नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही. ते स्नायूंतून येतं. तालमीतल्या पंचविशीच्या पोराचं 1.4 आलं तर त्याची किडनी हिशेबानं सत्तरच्या घरात चालते. पासष्टीच्या बाईचं तेच 1.4, तर बेचाळीसच्या आसपास. आकडा एकच, माणसं दोन. वय धरून काढलेला ईजीएफआर विचारायचा. पंधराच्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते. आणि साखर असलेल्यानं लघवीतलं अल्ब्युमिन लॅबमध्ये मोजून घ्यायचं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागं 30 मिलिग्रॅमच्या पुढं गेलं तर पट्टी स्वच्छ दिसली तरी जागं व्हायचं. लघवीला फेस येतो आणि विरत नाही, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, हे अंगावर काढायचं नाही.

तात्या : रात्री तर मीही उठतो.

सिस्टर : प्रोस्टेट असेल. तुंबलेली लघवी मागं किडनीवर दाब देते. सोनोग्राफीत कळतं, आणि अडथळा काढला की बऱ्याचदा सुधारतं. तुमचा नंबर पहिला लावते.

तात्या : लावा. पण माझं एक ऐका. तुमची तपासणी पुढच्या दहा वर्षांतली माणसं वाचवील, मला पटलं. आज गावातले तिघं सहाच्या गाडीत बसतात, त्यांचं काय? त्यांना सांगू का, की तुम्हाला उशीर झाला?

सिस्टरांकडं याला उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते असल्याचं दाखवलंही नाही. माझं मत विचाराल तर मशीनपुरत्या सिस्टर बरोबर होत्या, आणि तात्यांचा हा प्रश्न त्याहून बरोबर होता. लवकर सापडलेल्या आजाराचं कौतुक करताना उशिरा सापडलेल्या माणसाला विसरणं मला मान्य नाही. भाऊ मशीनअभावी गेला नव्हता. त्याला दमवलं होतं त्या रस्त्यानं, आणि तात्यांना हे आतून माहीत होतं. म्हणून पुढचा ठराव त्यांनीच मांडला: मशीनचे पैसे वाचतात, त्यातून या तिघांसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी लावायची, दारातून वॉर्डापर्यंत आणि परत. सोबत येणाऱ्याच्या जेवणासह. सिस्टरांनी हात वर केला, मग सगळ्यांनी.

उरलेल्या पैशांत पट्ट्या, तीन बीपीची यंत्रं, लॅबचा खर्च. तपासणी घ्यायला बारावी झालेल्या पाच मुली सिस्टर तयार करत आहेत. नोव्हेंबरात फडावर टोळ्या उतरल्या की त्यांचीही तपासणी करायची, हे वहीत लिहिलं आहे.

पहिली तपासणी दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. तिशीपुढच्या सगळ्यांनी यावं, साखर किंवा बीपी असलेल्यांनी वयाकडं न बघता यावं, बायकांनी आधी यावं. येताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत आणा, आणि घरात ज्या काही गोळ्या चालू आहेत, गुडघ्याच्या, डोकेदुखीच्या, वैदूच्या पुड्यासुद्धा, त्या सगळ्या एका पिशवीत घालून सोबत घ्या.